फॉर्म भरून देणारा कोण?

"डॉक्टर, आमच्या वाडीत एक जण कार्ड काढून द्यायला बसतोय. माणशी दोनशे रुपये घेतो आणि पाच लाखांचा विमा होतो म्हणतो. काढू का?" हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला दवाखान्यात इतक्या वेळा विचारला गेला आहे, की या आठवड्यात साथीच्या तापाचा विषय बाजूला ठेवून त्यावरच लिहायचे ठरवले. विमा हा काही डॉक्टरचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण हल्ली केसपेपरच्या बरोबरीने विम्याचा कागदही रुग्णाच्या उशाशी असतो, आणि तो कागद कोणी भरला यावर ऑपरेशन होणार की घरातले दागिने गहाण पडणार हे ठरते. तेव्हा हा विषय आरोग्याच्या सदरात बसायला हरकत नसावी.

"काढू का" या प्रश्नावर मी उलट प्रश्न विचारतो, "तो माणूस कोण? त्याला हे काम करायला कोणी नेमले?" याचे उत्तर क्वचितच कोणाला देता येते. "गोठवड्याकडचा आहे", "सरपंचांच्या ओळखीचा आहे", "लॅपटॉप घेऊन येतो", अशी उत्तरे मिळतात. आपल्या मुळशी तालुक्यात एजंट म्हटले की आधी आठवतो तो जमिनीचा एजंट. पिरंगुट, भूगाव, माण, हिंजवडी या पट्ट्यात जमिनीचे व्यवहार होऊ लागल्यापासून आपली माणसे हुशार झाली आहेत. सातबारा, फेरफार, सर्च रिपोर्ट पाहिल्याशिवाय कोणी विसार घेत नाही की देत नाही. मग हाच चोखंदळपणा विम्याच्या फॉर्मवर सही करताना कोठे जातो, कोण जाणे!

प्रथम एक मोठी गल्लत दूर करू. सरकारी योजना वेगळी आणि पैसे भरून विकत घ्यायची पॉलिसी वेगळी. दोन्हींना लोक 'मेडिक्लेम'च म्हणतात. मात्र दोन्हीकडे मदत करणारी माणसे निराळी, त्यांचे नियमही निराळे.

सरकारी योजनेचे पाहू. आपल्या राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या अखेरीस सर्व राज्यात आली. २०१७ साली तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. राज्यात या दोन्ही योजना २०२० पासून एकत्रितपणे राबवल्या जाऊ लागल्या. १ जुलै २०२४ पासून आणखी मोठा बदल झाला. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेबरोबर पांढरी शिधापत्रिका असणारी कुटुंबेही योजनेत आली आणि वर्षाला दीड लाखाऐवजी कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळू लागले. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'वय वंदना' कार्ड आले. त्याला उत्पन्नाची अट नाही.

या सगळ्यात कोठेही हप्ता नाही. आयुष्मान कार्ड मोफत आहे. गावातल्या आशाताई ते करून देतात, सेवा केंद्रात होते, आणि घरात मोबाईल वापरणारा नातू असेल तर आयुष्मान ॲपवर आधार क्रमांक टाकून तोही करू शकतो. तेव्हा माणशी दोनशे रुपये कशाचे, हे त्या लॅपटॉपवाल्याला जरूर विचारा. कागद रंगीत छापून प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दिला म्हणून कोणी दहा-वीस रुपये घेतले तर ती छपाईची मजुरी झाली. ती विम्याची फी नव्हे.

आणखी एक फसगत मी वारंवार पाहतो. रुग्ण खिशातून मोठ्या विश्वासाने कार्ड काढतो आणि ते 'आभा' कार्ड निघते. आभा म्हणजे चौदा आकडी आरोग्य ओळख क्रमांक. तुमचे तपासण्यांचे रिपोर्ट आणि औषधांची नोंद एका जागी ठेवता यावी म्हणून तो आहे. त्याचा उपयोग आहेच, पण त्याने एका रुपयाचाही उपचार मोफत होत नाही. दोन्ही कार्डे एकाच माणसाने एकाच बैठकीत काढून दिली, की कोणते कशाचे हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते. रात्री अकरा वाजता छातीत दुखू लागल्यावर पुण्याच्या रुग्णालयाच्या खिडकीवर ते कळणे फार वाईट.

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात दर्शनी भागात आरोग्यमित्राची खिडकी असते. सरकारी योजनेत ज्याला खरा मदतनीस म्हणावे तो हाच. शिधापत्रिका आणि ओळखपत्र तपासणे, संगणकावर नोंद करणे, मंजुरीचा पाठपुरावा करणे, रुग्णाकडून कोणी बेकायदा पैसे मागत नाही ना हे पाहणे, ही त्याची कामे. त्याला योजनेचे प्रशिक्षण दिलेले असते. तो रुग्णालयाचा नोकर नसतो, हे महत्त्वाचे. रुग्णालय काही वेगळे सांगत असेल तर त्याच्याकडे जाता येते. ही मुले-मुली बहुतेक कंत्राटी आहेत, पगार बेताचा आणि गर्दी अफाट, त्यामुळे कधी वैतागून बोलली तर समजून घ्यावे. पण त्यांनी पैसे मागितले तर मात्र समजून घेऊ नये. आयुष्मान कार्ड अजून काढलेले नसले तरी शिधापत्रिका आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा. तातडीच्या प्रसंगी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे, कागद नंतर देता येतात. कोणते रुग्णालय योजनेत आहे हे निघण्यापूर्वीच १५५३८८ या क्रमांकावर विचारून घ्यावे. आयुष्मानचा क्रमांक १४५५५ आहे. योजनेत ठरावीक उपचारच बसतात, आणि माझ्यासारख्याच्या दवाखान्यातला ताप-खोकला त्यात बसत नाही, हेही सांगून ठेवतो. मागच्याच महिन्यात एकाने खोकल्याच्या औषधासाठी मला ते कार्ड दाखवले!

आता विकतच्या पॉलिसीकडे वळू. खरी मेख येथे आहे.

आपल्याकडे मेडिक्लेम हा शब्द आला १९८६ साली, तेव्हा विमा कंपन्या सरकारीच होत्या. खाजगी कंपन्यांना दार उघडले ते १९९९ च्या कायद्याने, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायला हैदराबादला विमा नियामक प्राधिकरण बसले. विमा एजंटाला परवाना असावा हे मात्र फार जुने आहे, १९३८ च्या विमा कायद्यातच ते होते. २०१५ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्राधिकरणाच्या परवान्याऐवजी कंपनीनेच एजंट नेमावा असे ठरले. त्यामुळे आज एखादा "माझ्याकडे लायसन्स आहे" म्हणाला तर ते जुन्या सवयीचे बोलणे समजावे. त्याच्याकडे खरे तर कंपनीचे नेमणूकपत्र, एजन्सी क्रमांक आणि ओळखपत्र असते. परीक्षा मात्र कायम आहे. किमान दहावी पास, वय अठरा पूर्ण, आणि परीक्षेत शेकडा पस्तीस गुण. अभ्यासाचे पुस्तक मराठीतही मिळते. २०१६ च्या नियमांप्रमाणे एक एजंट आयुर्विम्याची एक, सर्वसाधारण विम्याची एक आणि केवळ आरोग्य विमा विकणारी एक, अशाच कंपन्यांचे काम करू शकतो. म्हणून "सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी माझ्याकडे आहेत" असे कोणी म्हणाला, तर तो एजंट नसून दलाल संस्थेचा माणूस असला पाहिजे, किंवा नुसताच बोलणारा.

त्याच्या खालची पायरी म्हणजे २०१५ साली आलेला 'पॉइंट ऑफ सेल्स पर्सन'. दहावी पास, पंधरा तासांचे प्रशिक्षण आणि एक परीक्षा. त्याने साध्या, आधीच ठरवून दिलेल्या पॉलिसीच विकायच्या, आणि प्रत्येक पॉलिसीवर त्याच्या आधार किंवा पॅन क्रमांकाची खूण राहते. गावातल्या सेवा केंद्रचालकालाही विमा विकायचा असेल तर त्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा आहे. वीजबिल भरणे आणि उत्पन्नाचा दाखला काढणे येते म्हणून विमा विकता येतो असे नाही.

पंधरा तास हे थोडेच आहेत, असे माझे मत आहे. मधुमेहाचा मूत्रपिंडाशी आणि हृदयाशी काय संबंध, हे सांगायला मला वर्गात पंधरा तास पुरले नसते. पण फॉर्मवर खोटे लिहू नये, हे कळायला पंधरा मिनिटेही पुरतात. एजंटांच्या आचारसंहितेत ते स्पष्टच आहे. आपली ओळख आणि नेमणूक दाखवणे, फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नाचा अर्थ समजावून सांगणे, विचारल्यास आपले कमिशन किती ते सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ग्राहकाला एखादी महत्त्वाची माहिती वगळायला लावणे त्याला मना आहे. दावा मंजूर झाल्यावर त्यात वाटा मागणेही मना आहे. आणि "पहिल्या हप्त्यातले एवढे पैसे मी तुम्हाला परत देतो" हे आमिषसुद्धा १९३८ च्या कायद्याच्या ४१ व्या कलमाने बेकायदा आहे. घेणाऱ्यालाही ते बाधते, हे पुष्कळांना माहीत नसते.

माझ्या रुग्णांपैकी एका कुटुंबाची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, खुणाही थोड्या बदलल्या आहेत. गृहस्थ पन्नाशीचे, भाताची शेती आणि रस्त्याला लागून छोटे दुकान. सहा वर्षे माझ्याकडे साखरेच्या गोळ्या घेत होते. ओळखीच्या एकाने त्यांना घरातल्या चौघांची पाच लाखांची पॉलिसी काढून दिली. फॉर्म इंग्रजीत होता, तो त्या माणसाने स्वतःच भरला. मधुमेह आहे का, यावर "नाही लिहू, उगाच हप्ता वाढेल. पाच वर्षे निघाली की कोणी विचारत नाही", असे म्हणून त्याने पुढे सहीची जागा दाखवली. यांनी सही केली. पाच वर्षे काही निघाली नाहीत. दोन वर्षांतच हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले आणि बायपास करावी लागली. कंपनीने जुने कागद मागवले, रुग्णालयाच्या भरतीच्या कागदावर यांनी स्वतःच 'मधुमेह, सहा वर्षे' असे सांगितलेले होते. दावा नामंजूर झाला.

मग मुलगा माझ्याकडे आला. "डॉक्टरकाका, तुम्ही फक्त एवढे लिहून द्या की शुगर एक वर्षापासूनच आहे." त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित हेच मागितले असते, इतका तो गांजलेला होता. पण माझ्या केसपेपरवर सहा वर्षांच्या नोंदी होत्या. मी जे होते तेच लिहून दिले. ते खोटे मी लिहिले असते, तर फॉर्मवरच्या एका खोट्याला दाखल्याचे दुसरे खोटे जोडले गेले असते, आणि यापुढे माझ्या कोणत्याच रुग्णाच्या दाखल्याला किंमत राहिली नसती. मुलगा काही न बोलता उठून गेला. त्यांनी पुढे एक गुंठा विकला.

पुढे जे कळले ते आजच्या विषयाचे आहे. तक्रार करायची म्हणून पॉलिसीवरचा एजंटाचा क्रमांक पाहिला, तर तो भलत्याच कोणाचा निघाला. ज्याच्या नावाचा क्रमांक होता त्याला या घरातल्या कोणी कधी पाहिलेही नव्हते. जो घरी येऊन चहा पिऊन गेला, ज्याने 'नाही' लिहिले, त्याने ना परीक्षा दिली होती, ना त्याची कोठे नेमणूक होती. दुसऱ्याच्या क्रमांकावर तो फॉर्म गोळा करायचा आणि कमिशन वाटून घ्यायचा. कागदोपत्री तो माणूस अस्तित्वातच नव्हता. नेमलेल्या एजंटाला निदान आपला क्रमांक जाण्याची भीती असते, याला कशाची होती?

खरे सांगितले असते तर काय झाले असते? हप्ता थोडा वाढला असता, कदाचित आधी रक्ताची तपासणी मागितली असती. आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबण्याचा काळ पूर्वी चार वर्षांपर्यंत असे, २०२४ च्या नियमांनी तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. म्हणजे या गृहस्थांना त्या वेळी पूर्ण पैसे मिळाले असतेच असे नाही. पण मधुमेह माहीत असतानाही पॉलिसी देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि निदान आपल्याला काय मिळणार व काय नाही हे त्यांना आधी कळले असते, गाठीला पैसे ठेवता आले असते, किंवा सरकारी योजनेतले रुग्णालय गाठता आले असते. आणि "पाच वर्षांनी कोणी विचारत नाही" या वाक्यातले अर्धेच खरे आहे. सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली तर माहिती दडवली म्हणून दावा नाकारता येत नाही, हा नियम २०२४ चाच. मात्र फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण उडते, आणि हृदय काही साठ महिने मोजत बसत नाही.

हिंजवडीच्या कंपन्यांतून अमेरिकेला गेलेल्या मुलांचे आई-वडील माझ्याकडे येतात, ते तिकडच्या गमती सांगतात. तिकडे २०१० च्या कायद्यानंतर विम्याचा बाजार सरकारने मांडला आणि लोकांना फॉर्म भरायला मदत करणारे मदतनीस नेमले. त्यांना 'नॅव्हिगेटर' म्हणतात, आपण वाटाड्या म्हणू. त्यांना केंद्राचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतेच, शिवाय काही राज्यांनी आपल्या वेगळ्या अटी घातल्या. मिसुरी राज्याने तर परवाना मागितलाच, वर कोणती पॉलिसी कशी आहे याविषयी सल्लाही द्यायचा नाही असे म्हटले. लोक न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१४ मध्ये न्यायाधीशांनी त्या राज्याच्या कायद्याला स्थगिती दिली. ज्याला वाट दाखवायला नेमले त्याने तोंडच उघडायचे नाही, तर गरिबाने विचारायचे कोणाला, असा तो वाद होता. अटी फार वाढवल्या की मदतनीस मिळत नाही आणि सोडून दिल्या की लबाड घुसतात. आपल्याकडे राज्याची वेगळी परीक्षा नाही, सारे हैदराबादहून चालते, आणि अटी जाचक मुळीच नाहीत. अडते ते आपल्यापाशी. आपण कागद मागत नाही.

तेव्हा कोणी पॉलिसी घेऊन दारी आला तर चहा जरूर द्या, आणि ओळखपत्र मागा. त्यावरचे नाव, समोरचा माणूस आणि पुढे पॉलिसीवर छापून येणारे नाव ही तिन्ही एकच आहेत ना, हे पाहा. शंका आली तर कंपनीच्या कार्यालयात फोन करून तो क्रमांक सांगा, दोन मिनिटांचे काम आहे. खऱ्या एजंटाला याचा राग येत नाही. फॉर्म स्वतःच्या घरातल्या लिहित्या-वाचत्या मुलाकडून भरून घेतला तर उत्तमच. दुसऱ्याने भरला असेल तर शेवटी एक मजकूर असतो, की सर्व प्रश्न मला माझ्या भाषेत समजावून सांगितले आहेत. त्याखाली सही किंवा अंगठा करण्यापूर्वी ते खरोखर समजावून घ्या. साखर, रक्तदाब, दमा, पूर्वी झालेला क्षयरोग, झालेली ऑपरेशने, तंबाखू, सारे लिहा. आठवत नसेल तर आपल्या डॉक्टरला विचारा. मी माझ्या रुग्णांना केसपेपर पाहून यादी काढून देतो, त्याचे पैसे घेत नाही. भरलेल्या फॉर्मची एक प्रत आणि पावती जवळ ठेवा. हप्ता रोख हातात देऊ नका, कंपनीच्या नावे भरा.

पॉलिसी हाती आली की कपाटात टाकू नका. तिच्याबरोबर एक माहितीपत्रक येते, त्यात काय मिळते, काय मिळत नाही आणि किती थांबायचे हे थोडक्यात असते. जानेवारी २०२४ पासून ते नव्या स्वरूपात द्यावे लागते आणि मागितल्यास मराठीत मिळते. आपल्या फॉर्मवर कोणी चुकीचे लिहिले असे दिसले, तर लगेच कंपनीला लेखी कळवा. पॉलिसी पसंत नसेल तर मिळाल्यापासून तीस दिवसांत परत करता येते, तपासणी, मुद्रांक आणि तेवढ्या दिवसांचा खर्च वजा जाता पैसे परत मिळतात.

दावा नाकारला गेला किंवा फसवणूक झाली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्यातच विमा लोकपालांचे कार्यालय आहे, आपला तालुका त्यांच्याच कक्षेत येतो. तेथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत मात्र गेले पाहिजे. नियामक प्राधिकरणाचा तक्रारीचा फोन १५५२५५ आहे. तेथे पहिल्याच वाक्यात विचारतात, पॉलिसी क्रमांक काय आणि एजंट कोण. जाताना पॉलिसी, फॉर्मची प्रत, नकाराचे पत्र आणि दवाखान्याचे जुने कागद एका पिशवीत घालून न्या. जुने कागद सापडत नसतील तर संध्याकाळी सहानंतर दवाखान्यात या, त्या वेळी गर्दी कमी असते.